बसता येत नाहीये

रात्री पावणेअकराला ईमेल आला आणि सब्जेक्टमध्ये फक्त एवढंच, "बसता येत नाहीये". मला वाटलं कुणीतरी ध्यानाबद्दल विचारतंय, मांडी घालून दहा मिनिटंसुद्धा बसवत नाही काय करू असे मेसेज आम्हा योग शिकवणाऱ्यांना रोजचेच, म्हणून पडल्या पडल्या उघडला. तर माझ्या मंगळवारच्या बॅचमधले एक गृहस्थ. पन्नाशी उलटलेले, शांत, वेळेआधी पाच मिनिटं येऊन मॅट टाकून बसणारे. त्यांनी लिहिलेलं की तीन आठवड्यांपूर्वी पश्चिमोत्तानासनात, म्हणजे बसून सरळ पायांवर पुढे वाकताना, तुम्ही माझ्या पाठीवर दोन्ही हात ठेवून खाली दाबलंत, तेव्हा उजव्या कुल्ल्याखाली काहीतरी चटकन झालं, तेव्हापासून खुर्चीवर अर्धा तास बसलं तरी आग होते, डॉक्टर म्हणतात मांडीच्या मागच्या स्नायूंचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, दुखावलाय, फिजिओ सुरू केलीये, याचा खर्च कोण देणार ते कळवा.

मी उठून बसले.

खरं सांगते, पहिला विचार त्यांच्या दुखण्याचा आलाच नाही. पहिला विचार आला, मी खरंच दाबलेलं का? आठवेना. तीन आठवड्यांत माझे चाळीसेक क्लास झालेले, प्रत्येक क्लासमध्ये दहाबारा पाठींवर हात, कुणाची पाठ कुठली ते काय आठवणार. दुसरा विचार, स्टुडिओला सांगूया, ते बघतील.

स्टुडिओने काय बघितलं तेही सांगते. सकाळी नऊला फोन केला, उचलला नाही, साडेनऊला मेसेज आला की करारातला अमुक मुद्दा वाचा, शिक्षक हे स्वतंत्र व्यावसायिक आहेत, वर्गातल्या दुखापतीची जबाबदारी त्यांची. चार वर्षं मी तिथे शिकवत होते, सकाळी कुलूप मी उघडायचे, गळका एसी कधी दुरुस्त करणार याचा पाठपुरावासुद्धा मीच करायचे, आणि एका ईमेलवर मी "स्वतंत्र" झाले. आणि गंमत म्हणजे ते बरोबरच होतं, खाली सही माझी होती. तो मुद्दा मी वाचलाच नव्हता.

मग आठवलं की आपण कुठल्यातरी असोसिएशनचे मेंबर आहोत.

"कुठल्यातरी" हा शब्द मुद्दाम लिहिलाय कारण तेव्हा माझ्या डोक्यात तिची तेवढीच जागा होती. योगशिक्षकाचा दोनशे तासांचा कोर्स झाला, सोबतच्या सगळ्यांनी रजिस्ट्रेशन केलं म्हणून मीही केलं, प्रोफाइलवर लोगो लावला, नावापुढे चार अक्षरं आली, संपलं. दरवर्षी वर्गणी भरताना तोंड वाकडं व्हायचं. लोक विचारायचे की हे सर्टिफिकेट कुणी दिलं तर मी रुबाबात असोसिएशनचं नाव सांगायचे, आणि ते चुकीचं होतं हे मला फार नंतर कळलं. हे इथेच सांगून टाकते कारण नव्या शिक्षकांमध्ये हा घोळ सर्रास दिसतो. सर्टिफिकेट तुम्हाला तुमची शाळा देते. असोसिएशन बहुतेक वेळा फक्त नोंद करते. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली योगा अलायन्स, १९९९ मध्ये सुरू झालेली, ते आरवायटी २०० आणि आरवायटी ५०० (इतक्या तासांचं शिक्षण घेतलेला नोंदणीकृत योगशिक्षक) वगैरे त्यांचंच. ती स्वतः तुमची परीक्षा घेत नाही, तुम्ही तिच्याकडे नोंदलेल्या शाळेतून तेवढ्या तासांचं शिक्षण घेतलंय एवढं पाहून नाव यादीत घालते. भारतात आयुष मंत्रालयाच्या पुढाकाराने २०१८ पासून जे योग सर्टिफिकेशन बोर्ड आहे त्याचा प्रकार वेगळा, तिथे लेखी आणि प्रात्यक्षिक अशी रीतसर परीक्षा असते आणि पास झालात तर बोर्डच सर्टिफिकेट देतं. दोन्ही ठिकाणी लोक "सर्टिफाइड" हाच शब्द वापरतात आणि विद्यार्थी बिचारा समजतो की सगळं एकच.

असो. फोन केला. मला वाटलेलं रेकॉर्डेड आवाज लागेल, अमुकसाठी एक दाबा, तर एका बाईंनी उचलला. मी घडाघडा सगळं सांगायला लागले तर त्यांनी मध्येच थांबवून एकच विचारलं, "तुम्ही त्यांना अजून काही उत्तर दिलंय का?" नव्हतं दिलं. मोबाइलवर अर्धं टाइप करून ठेवलेलं मात्र, आणि ते मी वाचून दाखवलं. त्यात पहिल्या ओळीत मी माफी मागितलेली आणि तिसऱ्या ओळीत तुमचे स्नायू आधीपासूनच कडक होते असं लिहिलेलं. बाई हसल्या नाहीत, पण थोडा वेळ गप्प बसल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हा एका जुन्या लिफाफ्यावर लिहून घेतलं, तो लिफाफा अजून आहे. आज काय आठवतंय ते आजच लिहून काढा, तारीख टाका, जे आठवत नाही तिथे "आठवत नाही" असंच लिहा, अंदाज घुसडू नका. त्या दिवसाची हजेरी आणि त्यांनी पहिल्या दिवशी भरलेला आरोग्याचा फॉर्म शोधून ठेवा. कुठलाही मेसेज डिलीट करायचा नाही. इन्शुरन्सवाल्यांना आजच कळवायचं, कारण उशिरा कळवलं या एका कारणावरून क्लेम अडकू शकतो. आणि त्या गृहस्थांना उत्तर द्यायचंच, पण तब्येतीची चौकशी करणारं, चूक कुणाची यावर एक अक्षर नाही आणि खर्चाचं वचनही नाही. मी म्हणलं अहो पण चौकशी केली म्हणजे कबूल केल्यासारखं नाही का होणार? तर म्हणाल्या, माणूस दुखतंय म्हणतोय त्याला कसं आहे विचारणं म्हणजे कबुली नव्हे, आणि विचारलं नाहीत तर मात्र माणूस खरंच चिडतो.

इन्शुरन्सचं थोडं सविस्तर लिहिते कारण यात मी ठार अडाणी होते. आमच्या असोसिएशनच्या मेंबरशिपमध्ये ग्रुप पॉलिसी येते, काही संस्थांमध्ये ती वेगळी घ्यावी लागते पण सवलतीत मिळते, तो ज्याचा त्याचा भाग. त्यात दोन गोष्टी असतात. कुणी ओल्या फरशीवर घसरून पडलं तर ती एक लायबिलिटी, म्हणजे भरपाईची जबाबदारी, आणि तुम्ही शिकवलेल्या गोष्टीमुळे, दिलेल्या सूचनेमुळे किंवा लावलेल्या हातामुळे दुखापत झाली तर ती दुसरी, प्रोफेशनल लायबिलिटी. अनेक जागांचा विमा फक्त पहिल्या प्रकारचा असतो. म्हणजे स्टुडिओत "आमचा इन्शुरन्स आहे" ही पाटी बघून आपण निवांत राहायचं आणि त्यात आपण नसतोच. दुसरी भानगड तारखेची. काही पॉलिसी घटना कधी घडली ते बघतात, त्या दिवशी पॉलिसी चालू होती ना मग क्लेम वर्षभराने आला तरी चालतो. काहींमध्ये क्लेम येईल त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते, म्हणजे तुम्ही शिकवणं सोडलंत, पॉलिसी बंद केलीत आणि सहा महिन्यांनी कुणाचं पत्र आलं की तुम्ही उघड्यावर. माझी घटनेची तारीख बघणारी निघाली. हे मला माहीत होतं म्हणून नाही, असोसिएशनमध्ये कुणीतरी वाटाघाटी करताना ते लक्षात ठेवलं होतं म्हणून. आणि हो, "माझ्या जबाबदारीवर क्लास करत आहे" असा सही घेतलेला कागद असला की आपण सुटलो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा वकिलाला विचारा, निष्काळजीपणा त्या कागदाने धुतला जाईलच असं अजिबात नाही.

आता मुख्य गोष्ट. फोनवरच्या बाईंनी सांगितलं की मेंबर म्हणून तुम्हाला मेंटॉर मागता येतो, हवा का. मी हो म्हणलं, मला वाटलं कुणीतरी धीर देईल. दोन दिवसांनी व्हिडिओ कॉलवर एक ताई आल्या, पंचवीसेक वर्षं शिकवणाऱ्या, केस पांढरे, मागे भिंतीला टेकवलेल्या दोन घड्या घातलेल्या चादरी आणि एक मांजर. मी माझी बाजू मांडली, चांगली वीस मिनिटं मांडली. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "हात लावायच्या आधी त्यांना विचारलं होतंस?"

मी म्हणलं आपण क्लासमध्ये असं कुठे विचारतो ताई, फ्लो तुटतो.

"नव्हतं विचारलं ना?"

नव्हतं.

मग त्यांनी मला तो कंडरा समजावला. बसताना जी दोन हाडं जमिनीला टेकतात त्यांच्यावर मांडीच्या मागचे स्नायू येऊन चिकटतात. पाय सरळ ठेवून पुढे वाकलं की कंडरा तिथेच ताणला जातो आणि हाडावर दाबलाही जातो. त्यात कंडऱ्याला रक्तपुरवठा स्नायूपेक्षा कमी, म्हणून दुखावला की बरा व्हायला महिनोन् महिने. आणि योग करणारी मंडळी यात अजून एक माती खातात, दुखतंय म्हणून तोच भाग अजून ताणत बसतात, मोकळा होईल म्हणून, आणि दुखणं वाढतं. दिवसभर खुर्चीवर बसून काम करणारा पन्नाशीचा माणूस, पाय सरळ, पाठ आधीच गोल झालेली, आणि वरून माझ्यासारखीचं वजन. "तू दाबून त्यांना काय मिळणार होतं?" ताईंनी विचारलं. कपाळ गुडघ्याला. बरं, कपाळ गुडघ्याला लागून काय मिळणार होतं? मी गप्प. त्या म्हणाल्या, "गुडघे थोडे वाकव आणि खाली घडी घातलेली चादर दे, तुझ्या हाताची गरजच नाही." मांजर कीबोर्डवरून गेलं आणि कॉल कट झाला. परत लागेपर्यंत मी तशीच बसून होते.

मी ज्या संस्थेला माझ्या बाजूने उभं राहायला बोलावलेलं, तिनेच मला समोर बसवून विचारलं. राग आला होता थोडा, खोटं कशाला बोलू. पण स्टुडिओने एका मेसेजमध्ये हात झटकले होते, मैत्रिणी म्हणत होत्या असले लोक पैसे उकळायलाच येतात तू लक्ष देऊ नकोस, आणि या दोन्हींतून मला काहीच मिळत नव्हतं. ताईंनी निदान माझं काम कामासारखं बघितलं.

क्लेमचं पुढे काय झालं ते थोडक्यात, कारण त्यात नाट्य काही नाही. इन्शुरन्सवाले त्या गृहस्थांशी बोलले, कागदपत्रं मागवली, दीड महिन्यात फिजिओच्या खर्चावर मिटलं. ते गृहस्थ परत क्लासला आले नाहीत. माझ्या चौकशीच्या ईमेलला त्यांनी एका ओळीत धन्यवाद म्हणून उत्तर दिलेलं, तेवढंच.

त्यानंतर मी मेंबर झाल्यापासून पहिल्यांदाच असोसिएशनच्या वेबसाइटवर लॉगिन करून नीट बघितलं की आपण इतकी वर्षं पैसे कशाचे भरतोय. पासवर्डसुद्धा आठवत नव्हता. आत कराराचे नमुने होते, आणि एक पान होतं ज्यावर सही करायच्या आधी काय बघायचं ते लिहिलेलं. क्लास आयत्या वेळी रद्द झाला तर मानधन मिळणार का, डोकी मोजून पैसे असतील तर किमान रक्कम ठरलीये का, तिथलं काम सोडल्यावर आसपास शिकवायला बंदी घातलीये का आणि किती काळ, तुमच्या क्लासचं रेकॉर्डिंग झालं तर ते कुणाच्या मालकीचं. हे शेवटचं २०२० मध्ये सगळे रातोरात ऑनलाइन गेले तेव्हा फार जणांना भोवलं, आणि तेव्हाच कितीतरी संस्थांनी घाईघाईत नियम बदलून ऑनलाइन शिकवण्याला आणि शिक्षणाला परवानगी दिली, विम्यात ऑनलाइन क्लास धरले जातात का ते विचारून घेतलं. क्लासमध्ये गाणी लावायचं लायसन्स हा अजून एक विषय. मी वर्षानुवर्षं स्वतःच्या अॅपवरून शवासनाला गाणी लावत होते, त्या अॅपच्या अटींमध्ये वैयक्तिक वापर असं स्वच्छ लिहिलेलं असतं आणि पैसे घेऊन भरवलेला क्लास म्हणजे वैयक्तिक वापर नव्हे. आता शांतताच ठेवते, कुणी तक्रार केलेली नाही.

कुठे थांबायचं याचंही एक पत्रक होतं. मला ते आधी अपमानास्पद वाटलेलं. आपल्याकडे कुणी येतं, मान दुखते, झोप नाही, बीपी आहे, आणि आपल्याला मदत करायची असते, मग आपण "थेरपी" हा शब्द सैलपणे वापरायला लागतो. योगा अलायन्सने २०१६ मध्ये आपल्या यादीतल्या शिक्षकांना स्वतःच्या माहितीतून योग थेरपी हे शब्द काढायला लावले तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली होती. पण त्या कामासाठी वेगळी वाट आहे, योग थेरपिस्टांची आंतरराष्ट्रीय संघटना १९८९ पासून आहे आणि तिने मान्यता दिलेलं प्रशिक्षण किमान ८०० तासांचं, तेही शिक्षक झाल्यानंतर वरचं. दोनशे तासांत काय येतं हो? आसनं, थोडी शरीररचना, थोडं तत्त्वज्ञान, थोडं शिकवण्याचं तंत्र. काचबिंदू असलेल्या माणसाला शीर्षासन का द्यायचं नाही, डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो म्हणून, एवढं साधं मला कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं, ते असोसिएशनच्या एका वेबिनारमध्ये कळलं. आणि वेबिनार मी केला तो ज्ञानाच्या ओढीने नव्हे, तास भरायला. योगा अलायन्समध्ये दर तीन वर्षांनी ४५ तास शिकवल्याचे आणि ३० तास शिकल्याचे दाखवावे लागतात, आमच्याकडेही तसंच काहीसं आहे. सक्तीने बसवलं म्हणून कानावर पडलं.

सगळं छान छान आहे असं म्हणायचं नाहीये मला. वेबिनारांपैकी निम्मे कंटाळवाणे असतात, एकात तर बोलणारा माणूस अख्खा तास स्वतःच्या पुढच्या कोर्सची जाहिरात करत होता. वर्गणी आठवड्याला तीन क्लास घेणाऱ्याला आणि तीस क्लास घेणाऱ्याला सारखीच, हे मला पटत नाही आणि मी तसं लिहूनही कळवलंय. तासांचे आकडे भरले की शिक्षक चांगला असं समजणं तर मूर्खपणाच, चारशे-पाचशे तासवाले भयंकर शिक्षक मी पाहिलेत आणि एकही कागद नसलेल्या एका बाईंकडून मी श्वास घ्यायला शिकले. शिवाय तक्रार निवारण म्हणून जे असतं ते फार हळू चालतं, आणि असोसिएशन फार तर मेंबरशिप काढून घेऊ शकते, शिकवणं थांबवू शकत नाही, कारण बहुतेक ठिकाणी योग शिकवायला सरकारी लायसन्स लागतच नाही. यादीतून नाव गेलेला माणूस उद्या दुसऱ्या हॉलमध्ये क्लास घेऊ शकतो.

तरी एक गोष्ट पैशांत मोजता येत नाही. आमचं काम माणसांनी भरलेलं दिसतं पण फार एकट्याचं आहे. एका शिक्षकाचा क्लास संपतो तेव्हा दुसऱ्याचा सुरू होतो, दारात चपला घालताना जेवढी भेट होते तेवढीच. ब्रिटनमध्ये विल्फ्रेड क्लार्क यांनी १९६५ मध्ये ब्रिटिश व्हील ऑफ योगा ही संघटना उभी केली, म्हणजे निदान तेव्हापासून या क्षेत्रात संघटना आहेत, आणि मला वाटतं विमा-बिमा सगळं नंतरचं, इकडेतिकडे विखुरलेल्या माणसांना एकमेकांना काहीतरी विचारायचं असतं हे आधीचं. आमचा आता सहा जणांचा गट आहे, महिन्यातून एकदा कॉलवर. मागच्या वेळी अख्खा दीड तास आवाजावर गेला, एकीच्या स्वरयंत्राला सूज आलेली, दिवसाला पाच क्लास, पंख्याच्या आवाजावर ओरडून बोलायचं. त्यातच लक्षात आलं की आम्ही सगळेच प्रात्यक्षिक एकाच बाजूने दाखवतो, त्रिकोणासन नेहमी उजवीकडे, आणि सहापैकी चौघांचा उजवा कुल्ला कुरकुरतोय. हे मी कुणाला विचारणार होते? विद्यार्थ्यांना?

ताईंच्या सांगण्यावरून मी स्पर्श आणि संमती यावरचं असोसिएशनचं दोन दिवसांचं शिबिर केलं आणि तिथून कार्डांची कल्पना आणली. साधं आहे, पुठ्ठ्याचे गोल तुकडे, एका बाजूला हिरवा रंग, एका बाजूला लाल. प्रत्येकाने आपल्या मॅटच्या कोपऱ्यात ठेवायचं, हिरवं वर असेल तर मी हात लावून दुरुस्त केलेलं चालेल, लाल असेल तर फक्त तोंडी सांगायचं, आणि क्लासच्या मध्येही कधीही उलटं करायचं, कारण द्यायचं नाही. मला वाटलेलं लोक हसतील. थोडे हसलेही.

पहिल्या दिवशी मी कार्डं वाटली, डोळे मिटायला सांगितलं आणि चालत चालत बघत गेले. हिरवं, हिरवं, हिरवं, एक लाल, हिरवं. पुढच्या रांगेत खिडकीशी एक मुलगी बसते, तीन वर्षांपासून, एकही क्लास न चुकवणारी, जिच्या खांद्यांवर हात ठेवून मी दर वेळी शवासनात हलकेच दाबायचे आणि ती दर वेळी जाताना हसून थँक्यू म्हणायची. तिने कार्ड लाल बाजू वर करून ठेवलं होतं, मॅटच्या अगदी कडेला, आणि वर स्वतःची दोन बोटं दाबून धरली होती.